उन्हाळी लागणे : पाणी, पेज, पथ्य आणि आहाराच्या हाताबाहेरचं

रानजाई (धागाकर्ती)

'उन्हाळी लागली' म्हटलं की आपल्याकडे एकच अर्थ घेतला जातो: अंगात उष्णता झाली, थंड काहीतरी प्या. हे अर्धंच खरं आहे. उन्हात घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी घट्ट नि गडद होते आणि जाताना झोंबते. ही पहिली तऱ्हा. तांब्या-दोन तांबे पाणी पोटात गेलं की काही तासांत उतरते.

दुसरी तऱ्हा जंतुसंसर्गाची. बहुतेक वेळा ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला जंतू मूत्रमार्गातून वर चढतो आणि मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पुरुषांचा 20च्या आसपास. त्यामुळे हा त्रास बायकांना कितीतरी जास्त. थेंब थेंब लघवी, जाऊन आल्यावर लगेच पुन्हा जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ, लघवी गढूळ, कधी लालसर: ही लक्षणं दिसली की ती नुसती उष्णता नव्हे.

आहाराकडून तीन गोष्टी मागता येतात. पुन्हा पुन्हा होणं कमी व्हावं, आग नि कळ सुसह्य व्हावी, आणि औषध चालू असताना खाण्यापिण्याने त्याच्यात खोडा घालू नये. लागलेला संसर्ग धने-जिऱ्याने मारता येत नाही. एवढं गृहीत धरून पुढचं वाचावं.

सगळ्यात आधी पाणी, कारण त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्याच घरगुती उपायाला नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वर्षातून किमान तीनदा मूत्राशयाचा संसर्ग झालेल्या आणि रोज दीड लिटरपेक्षा कमी पेयं घेणाऱ्या 140 स्त्रिया होत्या. अर्ध्यांना नेहमीच्या पिण्यावर आणखी दीड लिटर पाणी दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, उरलेल्यांना 3.2 वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा.

पण ते पाणी दिवसभर वाटून घ्यायचं होतं. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या: प्रत्येक मुख्य जेवणाबरोबर एक उघडायची आणि पुढच्या जेवणाआधी संपवायची. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. सकाळी उठल्याउठल्या लिटरभर पाणी ढोसायचं आणि मग संध्याकाळी घरी येईपर्यंत कोरडं. सकाळचं पाणी दोन तासांत निघून जातं आणि दुपारभर मूत्राशयात तीच घट्ट लघवी साठून राहते. जंतूंना वाढायला वेळ लागतो, आणि तो वेळच त्यांना द्यायचा नाही, असं हे साधं गणित आहे. तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नको. रंग फिकट गवतासारखा हवा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर मात्र रंगावर जाऊ नका, ती लघवी पिवळीधमक करतेच.

---

काठावरचा

धागा छान. वाचनखूण साठवली. एक खुसपट काढतो: ती पाण्याची चाचणी ज्यांच्या पैशाने झाली ती कंपनी बाटलीबंद पाणी विकते. आणि सहभागी स्त्रिया मुळात कमी पाणी पिणाऱ्या होत्या. जी बाई आधीच तीन लिटर पिते तिने साडेचार करून काही मिळेल असं त्यातून निघत नाही.

---

रानजाई

दोन्ही मुद्दे मान्य. पैसा कुणाचा हे विचारावंच. फक्त नळाचं पाणी उकळून प्यायलं तरी उत्तर तेच येणार, म्हणून मला त्यात फार खोट दिसत नाही. आधीच भरपूर पिणाऱ्यांनी वाढवू नये हे तर खरंच. आग होतेय म्हणून तासाभरात दोन-दोन लिटर पिणंही घातक आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. तासाला अर्धा-पाऊण लिटर ही वरची मर्यादा धरा.

---

भाकरतुकडा

जवाचं पाणी, बार्ली वॉटर, सातूचं पाणी हे सगळं एकच का? किराणा दुकानात सातू मागितलं तर भाजलेलं पीठ हातात देतात.

---

खलबत्ता

@भाकरतुकडा, इथे नावांचा घोळ आहे. जव म्हणजेच बार्ली आणि काही भागांत त्यालाच सातू म्हणतात. पण बाजारात 'सातूचं पीठ' म्हणून मिळतं ते बहुतेकदा भाजलेल्या गव्हाचं नि डाळ्याचं असतं, त्यात जव असतात किंवा नसतातही. ते गूळ घालून खायला उत्तम, पण इथे त्याचा उपयोग नाही. अख्खे किंवा पॉलिश केलेले जव मागा.

कृती: जव 50 ग्रॅम (साधारण पाव वाटीच्या वर), दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यावेत. पॉलिशचे असतील तर भिजवायची गरज नाही, अख्खे असतील तर रात्रभर भिजवा. दीड लिटर पाण्यात घालून उकळी आली की आच मंद करा, झाकण अर्धवट ठेवा, नाहीतर फेस उतू जाऊन शेगडीभर चिकट राडा होतो. पॉलिशचे अर्ध्या तासात बोटाने दाबले जातात, अख्ख्यांना 45-50 मिनिटं. गाळून घ्या. लिटरभर पाणी मिळतं. चवीला चिमूटभर मीठ, हवी तर थोडी जिरेपूड. उरलेले जव टाकू नका, खिचडीत नाहीतर भाजीच्या रस्श्यात घाला, सगळा चोथा त्यातच आहे.

दिवसभरात 3-4 फुलपात्री पुरे. बिघडतं कुठे? एक, लोक कुकरला लावून तीन-चार शिट्ट्या काढतात. मग पाण्याची खळ होते, ती कुणी पीत नाही. दोन, उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं संध्याकाळपर्यंत आंबतं. गार झालं की फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी नवं करा. तीन, लिंबू आणि चार चमचे साखर घालून त्याचं सरबत करतात. ज्यांना गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिअॅक (ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन आतड्याला न सोसण्याचा आजार) आहे त्यांनी हे अजिबात घेऊ नये, जवातही ग्लुटेन असतं. त्यांच्यासाठी तांदळाची पेज.

धने-जिऱ्याचं पाणी: धने 2 चमचे, जिरे 1 चमचा, खलबत्त्यात नुसते फोडायचे, पूड नको (पूड गाळणीतून उतरते आणि पाणी कडवट लागतं). लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात रात्री घालून सकाळी फडक्याने गाळायचं. कच्च्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवू नका. मुळात पोट बिघडलं तर अंगातलं पाणी जुलाबावाटे जाईल आणि सगळंच मुसळ केरात.

सब्जा: 1 चमचा बी, वाटीभर पाणी, 20 मिनिटं. कोरडा तोंडात टाकू नये, घशात फुगतो.

---

काठावरचा

यातल्या कशाला पुरावा आहे? म्हणजे पाण्यापलीकडे?

---

खलबत्ता

फारसा नाही. सरळ सांगायचं तर जवाचं पाणी काय नि धन्याचं काय, त्यांचं मुख्य काम माणसाला पाणी प्यायला लावणं हे आहे. साधं पाणी दोन लिटर घशाखाली जात नाही असे खूप लोक असतात, चव बदलली की जातं. माठात वाळ्याची जुडी टाकतात तीही याच हिशेबात. (जुडी दर दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात कडकडीत वाळवायची, नाहीतर बुळबुळीत होते.) कमी साखरेचं, कॅफीन नसलेलं, स्वच्छ असलं म्हणजे झालं.

उसाचा रस या यादीत बसत नाही. एका ग्लासात 30 ग्रॅमच्या वर साखर आणि गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा, देव जाणे.

---

पुडीवाला

औषधाच्या बाजूने लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

दुकानात 'लघवीला आग होते' म्हटलं की लालसर-गुलाबी सायट्रेटचं सिरप हातात पडतं. डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. ते लघवी अल्कलीकडे नेतं. पुष्कळांना आग कमी झाल्यासारखी वाटते. चांगल्या दर्जाच्या चाचण्यांतून ते सिद्ध झालेलं नाही, पण दोन दिवस घेतल्याने बहुतेकांचं नुकसानही नाही. अडचण पुढे आहे. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला हल्ली डॉक्टर बरेचदा नायट्रोफ्युरँटॉइन देतात. ते औषध आम्ल लघवीत चांगलं काम करतं. एकीकडे ते गिळायचं आणि दुसरीकडे सिरपने नाहीतर खाण्याच्या सोड्याने लघवी अल्कली करायची, म्हणजे एका हाताने पेरायचं नि दुसऱ्या हाताने उपटायचं. मेथेनामाइन या संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून देतात त्या औषधाचंही तसंच, त्याला तर आम्ल लघवी लागतेच. डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिली असतील तर विचारा, आपल्या मनाने सिरपची भर घालू नका.

सोड्याचं आणखी एक: अर्ध्या चमच्यात 600 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा विकार असलेल्यांनी तिकडे वळूच नये. सिरपमध्येही सोडियम असतंच.

आता जेवणाशी सांगड.

नायट्रोफ्युरँटॉइन: पोटभर जेवणाबरोबर. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं आणि शोषलंही कमी जातं. लघवी तपकिरी होते, घाबरू नका.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन वगैरे प्रतिजैविकं: दूध, दही, कॅल्शियमची, लोहाची, झिंकची गोळी, ॲंटासिड यांच्याबरोबर नको. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात पोचतच नाही. गोळी या गोष्टींच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. 'गरम पडतं म्हणून दुधाबरोबर घे' हा सल्ला घराघरात आहे आणि या गोळीपुरता तो साफ चुकीचा आहे.

फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची पुडी: अर्ध्या ग्लास साध्या पाण्यात विरघळवून लगेच, जेवणानंतर 2-3 तासांनी. शक्यतो रात्री झोपताना, लघवीला जाऊन आल्यावर. म्हणजे औषध रात्रभर मूत्राशयात राहतं. ही एक वेळ अशी की पुडीनंतर तांब्याभर पाणी पिऊन ती धुवून काढायची नाही.

जुनी उरलेली स्ट्रिप काढून दोन गोळ्या खाणं बंद करा. आपल्याकडच्या ई. कोलायवर सिप्रो-नॉरफ्लॉक्स बरेचदा चालतच नाहीत.

---

मोगरी

@पुडीवाला, क्रॅनबेरीचं काय? सुकवलेल्या क्रॅनबेरी खाल्ल्या तर चालतात ना? आणि कुणी सांगतं की आपली करवंदं म्हणजेच क्रॅनबेरी.

---

पुडीवाला

करवंदाचा आणि क्रॅनबेरीचा काडीचा संबंध नाही, दोन्हींची कुळंसुद्धा वेगळी. करवंद हे कण्हेरीच्या कुळातलं, तोडलं की चीक येतो तो त्यामुळेच. पाकवून, लाल रंग देऊन ते 'चेरी' म्हणून केकवर बसतं आणि कधीकधी 'क्रॅनबेरी' म्हणून पाकिटातही. खायला झकास, पण या कामाचं नाही.

खऱ्या क्रॅनबेरीत ए-जातीची प्रोअँथोसायनिडिन नावाची वनस्पतिद्रव्यं असतात, ती ई. कोलायला अस्तराला चिकटू देत नाहीत. 2023 साली कॉक्रेनने (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) 50 चाचण्यांचा आढावा घेतला. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत धोका साधारण चौथ्या हिश्शाने कमी झाला, मुलांत निम्म्याने. गरोदर स्त्रिया, वृद्धाश्रमातले वृद्ध आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणारे यांना फायदा दिसला नाही. चाचण्यांमध्ये रोज 36 मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन हे प्रमाण बरेचदा वापरतात. तेव्हा डबीवर 'क्रॅनबेरी अर्क 500 मिग्रॅ' यावर जाऊ नका, त्यात हा घटक किती ते छापलंय का बघा. नसेल छापलं तर ठेवा परत.

सुक्या क्रॅनबेरी साखरेत घोळलेल्या असतात, डब्यातला रस म्हणजे बहुतांशी साखरपाणी. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि हे सगळं पुन्हा होऊ नये म्हणून आहे. आज आग होतेय म्हणून आज क्रॅनबेरी, याने काही होत नाही.

डी-मॅनोज पावडरही हल्ली जोरात खपते. ब्रिटनमध्ये 598 स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना सहा महिने, रोज 2 ग्रॅम देऊन बघितलं, 2024 साली निकाल आला. फरक पडला नाही. पैसे वाचवा.

---

भाकरतुकडा

म्हणजे करवंदांचं लोणचं पुण्यकर्म नाही तर. अरेरे.

---

वैद्य_नव्हे_विद्यार्थी

आयुर्वेदात याला मूत्रकृच्छ्र म्हणतात, चरकाने आठ प्रकार दिलेत. कारणांत अतिव्यायाम, तीक्ष्ण औषधं, रूक्ष अन्न, मद्य, अजीर्ण अशी यादी आहे. पथ्याच्या बाजूने बघितलं तर ती आजही वाईट नाही. उपचारात गोखरू, पुनर्नवा, आणि दर्भ, कुश, काश, ऊस अशा तृणांची मुळं म्हणजे तृणपंचमूळ.

इथे दोन चुका होतात. पहिली, गोखरूचं चूर्ण चमचाचमचा, महिनोन्महिने, कुणालाही न विचारता. मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी गोष्ट घ्यायची आणि पाणी नेहमीइतकंच प्यायचं, याने लघवी होते पण अंग कोरडं पडतं. रक्तदाबाची मूत्रल गोळी चालू असेल तर दुप्पट काळजी. दुसरी, चंद्रप्रभा वटी ही 'साधी' समजणं. तिच्यात लोहभस्म, शिलाजीत, यवक्षार, लवणं असं बरंच आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) वाढलेल्या माणसाने ती शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये.

घरच्या घरी करायचं तर धने, वाळा, मनुका, कोहळा, दुधी, मुगाचं कढण. बाकीचं समोर बसलेल्या वैद्याने ठरवावं.

---

डॉ_अनामिक

मध्येच घुसतो. खालीलपैकी काही असेल तर पेज-पाण्यावर दोन दिवस काढायचे नाहीत, त्याच दिवशी दाखवायचं:

ताप 100.4च्या वर, हुडहुडी, बरगडीच्या खाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या. (म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत पोचला असू शकतो.) लघवीतून रक्त. गरोदरपण, कितव्याही महिन्यात. पुरुष, लहान मुलं, मधुमेही, एकच किडनी असलेले, लघवीची नळी घातलेले. लघवी पूर्ण तुंबली तर तासाभरातच.

निरोगी, गरोदर नसलेल्या तरुण बाईला नुसती आग नि वारंवारता असेल तर एक दिवस पाणी वाढवून बघणं चालू शकतं. 24 ते 48 तासांत उतार नाही तर तपासणी. वर्षात तीन किंवा सहा महिन्यांत दोन वेळा झालं तर दर वेळी अंदाजाने औषध नको, कल्चर (लघवीतला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करूनच.

पाळी गेल्यानंतर वारंवार होणाऱ्यांसाठी: तिथे बहुधा इस्ट्रोजेन कमी झाल्याने अस्तर पातळ झालेलं असतं आणि चांगले जंतू कमी झालेले असतात. लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा चांगला उपयोग होतो. कितीही दही खाल्लं तरी ते काम दही करत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायला लाजू नका.

---

दुधीभोपळा

आहाराचं सविस्तर कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून.

त्रास चालू असतानाचे दोन-तीन दिवस वेगळे आणि एरवीचे वेगळे.

त्रासाचे दिवस: ठेचा, मिसळ, झणझणीत रस्सा, लोणचं, कडक चहा-कॉफी, कोला, दारू बंद. यांनी संसर्ग होतो असं नाही, पण सुजलेल्या मूत्राशयाला ते आणखी टोचतात आणि कळा वाढतात. चहा अगदीच सुटत नसेल तर दिवसाला एक कप, फिका. जेवायला मऊ आणि पातळ: पेज (पाव वाटी तांदूळ, 6 वाट्या पाणी, तांदूळ फुटेपर्यंत, वर चमचाभर तूप नि मीठ), मुगाची आसट खिचडी (अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, 5 वाट्या पाणी, तुपाची जिऱ्या-हिंगाची फोडणी, मिरची नाही), दुधी, पडवळ, दोडका, कोहळा, काकडीची कोशिंबीर. पातळ ताक: एक वाटी ताज्या दह्याला तीन-चार वाट्या पाणी. आंबट ढाण ताक नको, त्याने काहींना झोंबतं. कोकमाचंही तेच. सोलकढीत नारळाचं दूध असल्याने ती बऱ्याच जणांना चालते, पण लसूण-मिरची वगळून.

दोन-तीन दिवसांनी ही पेज सोडायची. इथेच चुकतं. लोक 'पथ्य' म्हणून पंधरा दिवस मऊ भातावर राहतात आणि मग बद्धकोष्ठ होतं. भरलेलं मलाशय पुढच्या मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण रिकामी होत नाही, मागे उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. शिवाय शौचाला कुंथणं, पुसणं, सगळं त्याच भागात. पोट साफ नसेल तर बाकीचे उपाय वाया जातात. माझ्या मते पाण्यानंतर दुसरा नंबर याचाच, क्रॅनबेरीचा त्याच्या फार मागून.

म्हणून एरवीचा आहार: दिवसाला 25-30 ग्रॅम चोथा. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ते 11 ग्रॅम असतो, म्हणजे मध्यम तीन भाकऱ्यांत जवळजवळ तेवढा. पीठ मात्र चाळून कोंडा फेकायचा नाही. त्यावर एक वाटी मोडाची उसळ, दोन वाट्या भाजी (एक पालेभाजी), एक-दोन फळं: पेरू, पपई, कलिंगड. चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर उलट घट्ट होतं. इसबगोल घ्यायचंच तर 1 ते 2 चमचे, पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच, आणि कुठल्याही औषधाच्या गोळीपासून दोन तास दूर.

मैदा-साखर-बेकरी कमी.

---

मोगरी

उपासाच्या दिवसांत हमखास होतं असं बऱ्याच जणी म्हणतात. साबुदाण्याने उष्णता होते म्हणून?

---

दुधीभोपळा

@मोगरी, साबुदाणा बिचारा निर्दोष. तो शुद्ध पिष्ट आहे, चोथा जवळजवळ शून्य. तेलकट खिचडी, वेफर्स, दिवसभर चहा आणि पाणी नगण्य, म्हणून पोटही साफ नाही आणि लघवीही घट्ट. ज्यांना वारंवार होतं त्यांनी निर्जळी करू नये. साध्या उपासाला वरीची पातळ पेज, राजगिरा, ताक, शहाळं, काकडी, रताळं सालासकट, हे उपासाला चालतंच की.

---

सिंधू_किनारी

पाणी प्या पाणी प्या सगळे सांगतात, पण जायचं कुठे? बाजारपेठेतली विक्रेती, बंदोबस्तावरची पोलीस, एसटीची वाहक, ऊसतोडीवरची बाई, या पाणी मुद्दाम पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह नाही किंवा आहे ते जाण्याच्या लायकीचं नाही. मुंबईत 2011 साली 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली ती याच कारणाने. आहाराच्या धाग्यात हे अवांतर वाटेल, पण मला ते मूळ वाटतं.

---

रानजाई

@सिंधू_किनारी, अवांतर मुळीच नाही. अशा दिवसासाठी वेळापत्रक उलटं लावावं लागतं. जिथे जागा आहे त्या वेळेच्या आधी दीड-दोन तास पाणी. उदाहरणार्थ 1 वाजता जेवणाच्या सुट्टीत सोय होणार असेल तर 11 ते 11:30च्या दरम्यान 300-400 मिलि, थोडं थोडं. निघण्याआधी आणि पोचल्यावर लघवीला जाणं ठरलेलं. कॅफीन त्या काळात नको, ते घाई वाढवतं. घरी आल्यापासून झोपेपर्यंत उरलेलं भरून काढायचं. शौचकूप घाण आहे म्हणून अर्धवट टेकून, घाईत उठलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. बसून, सावकाश, शेवटी आणखी अर्धा मिनिट थांबून. भारतीय पद्धतीचा असेल तर त्या मानाने सोपं.

लैंगिक संबंधांनंतर लगेच लघवीला जाणं, तिथे सुगंधी साबण-वॉश न वापरणं, पुढून मागे धुणं, हे आहारात मोडत नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

---

डॉ_अनामिक

मधुमेहींसाठी पुरवणी. साखर ताब्यात नसेल तर लघवीत साखर उतरते, आणि प्रतिकारही कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर मुद्दाम लघवीतून साखर घालवतात. त्यांच्यावर असताना बाहेरच्या भागाला बुरशीचा संसर्ग, खाज, पांढरं जाणं जास्त होतं आणि लोक त्यालाच उन्हाळी समजतात. गोळी आपणहून बंद करू नका. पाणी, दर वेळी धुवून कोरडं करणं, आणि डॉक्टरांना सांगणं.

किडनीच्या रुग्णांना किंवा ज्यांना पाणी मोजून दिलंय त्यांना या धाग्यातला 'पाणी वाढवा' हा सल्ला लागू नाही. शहाळंही नाही, एका शहाळ्यात 500 ते 750 मिलिग्रॅम पोटॅशियम जातं.

वयस्कर माणसाच्या रिपोर्टात जंतू दिसले पण आग, ताप, वारंवारता काहीच नाही, तर बहुधा औषध लागत नाही. गरोदरपणात मात्र लक्षणं नसली तरी लागतं.

---

भाकरतुकडा

लहान मुलींचं? शाळेत जातच नाहीत बाथरूमला.

---

दुधीभोपळा

मुलांत बद्धकोष्ठ आणि लघवी धरून ठेवणं ही जोडगोळी असते. दूध-बिस्किट, मॅगी, भाजी नाही. दिवसभरात लिटरच्या वर दूध पिणारी चार वर्षांची मुलं असतात, त्यांचं पोट तिथेच भरतं. दूध 400-500 मिलिवर आणा. डब्यात भाजी भरलेला पराठा, पेरूच्या फोडी, भिजवलेली दोन अंजिरं. पाण्याच्या बाटलीवर खुणा करा: मधल्या सुट्टीपर्यंत इथवर, जेवणापर्यंत इथवर. तीन तासांनी लघवीला पाठवायला बाईंना चिठ्ठी द्या. जेवणानंतर दहा मिनिटं शौचाला बसवायचं, पायाखाली पाट ठेवून, म्हणजे गुडघे वर येतात. ताप आणि लघवीची तक्रार एकत्र असेल तर घरी काही करत बसू नका.

---

काठावरचा

मांसाहाराबद्दल कुणीच बोललं नाही. तैवानमधल्या बौद्ध समाजातल्या नऊ हजारांवर लोकांच्या अभ्यासात शाकाहारींना हा त्रास 16 टक्क्यांनी कमी दिसला होता, 2020 साली. आणि अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफमध्ये दुकानातल्या कोंबडीत आणि रुग्णांच्या लघवीत ई. कोलायचा एकाच वंशाचा जंतू सापडला होता.

---

खलबत्ता

त्यातून 'चिकन सोडा' असं निघत नाही, 'चिकन नीट हाताळा' एवढं निघतं. कोंबडी नळाच्या धारेखाली धुवू नये, शिंतोडे ओटाभर उडतात. धुवायचीच तर खोल पातेल्यात, पाणी हलकेच ओतून, आणि नंतर मोरी-ओटा साबणाने. विळी-सुरी-पाट वेगळे, कोशिंबीर त्याच पाटावर चिरायची नाही. हात साबणाने 20 सेकंद. आतला रस पारदर्शक वाहीपर्यंत शिजवायची.

---

मोगरी

शेवटचा प्रश्न. आग होते, पण कल्चर दर वेळी 'नो ग्रोथ' येतं. मग काय?

---

डॉ_अनामिक

मग जंतुसंसर्ग नसण्याची शक्यता मोठी. मुतखडा, योनिमार्गाचा दाह, लैंगिक संसर्ग, किंवा मूत्राशयाचा दीर्घ दाह, ज्याला इंटरस्टिशिअल सिस्टायटिस म्हणतात. क्षयसुद्धा आपल्याकडे विसरून चालत नाही. प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स करू नका, युरॉलॉजिस्टकडे जा. दीर्घ दाहात मात्र खाण्याचा खरोखर संबंध दिसतो. कॉफी, चहा, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, तिखट, दारू, कृत्रिम गोडवा, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या हे दोन ते चार आठवडे पूर्ण बंद, मग तीन-तीन दिवसांनी एकेक परत. वहीत लिहा. सगळ्यांना सगळं झोंबत नाही, ज्याचं त्याला कळतं.

पण त्याआधी बघा, नमुना नीट दिला होता का. प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या पोटात असताना दिलेला नमुना 'नो ग्रोथ' येणारच.

---

नमुनादार

प्रयोगशाळेतून सांगतो. तपासणीआधी 'भरपूर पाणी पिऊन या' हे सोनोग्राफीला. कल्चरला उलट, जास्त प्यायलात तर जंतू विरळ होतात. सकाळची पहिली लघवी उत्तम, नाहीतर किमान तीन-चार तास साठलेली. आधी साध्या पाण्याने धुवा, अँटिसेप्टिक नको. पहिली धार सोडून द्या, मधली थेट निर्जंतुक डबीत, डबीच्या कडेला हात किंवा अंग न लावता. घरची लोणच्याची बरणी उकळून आणली तरी चालत नाही. दोन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि डबीवर वेळ लिहा. कुठलं प्रतिजैविक कधी घेतलं तेही फॉर्मवर लिहा, ते विचारलं जात नाही पण आम्हाला लागतं.